कोर्लईच्या बोलीला हवे घरटे

चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या मागे टाकून रेवदंड्याच्या पडक्या कोटातून बाहेर पडले की कुंडलिकेची खाडी आडवी येते. खाडीपलीकडे समुद्रात शिरलेल्या डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी कोर्लई गाव. या गावातील ख्रिस्ती वस्तीत जी बोली आजही घराघरांतून ऐकू येते, ती जगात अन्यत्र कोठेही बोलली जात नाही. बोलणारी माणसे हजाराच्या आसपास. ती तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज मुळाचे. वाक्याची ठेवण मात्र मराठीच्या वळणाची. पोर्तुगीज माणूस क्रियापद आधी उच्चारतो आणि कर्म मागून आणतो. कोर्लईचा माणूस शेजारच्या मराठी माणसाप्रमाणे क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवतो.

ही बोली पुढील पिढीच्या तोंडी राहील काय, हा प्रश्न आता उपस्थित झाला आहे आणि अशा प्रश्नावर एक सोपे उत्तर हल्ली तत्परतेने दिले जाते. बोलीचा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करावा, वृद्धांची गाणी-गोष्टी ध्वनिमुद्रित कराव्यात आणि मुलांना त्या मोबाइलच्या पडद्यावर शिकवाव्यात, असे ते उत्तर आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद पडल्यापासून पडद्यावरील शिक्षणाची सवय गावोगाव झाली आहे. त्यामुळे हे उत्तर स्वस्त वाटते, आधुनिक वाटते आणि कोणाचेही मन दुखवीत नाही. त्याच्या पुष्टीसाठी प्रशांत महासागरातील हवाई बेटांचा दाखलाही दिला जातो. तेथील मुले आपली पारंपरिक भाषा, नृत्य आणि मंत्रपाठ घरबसल्या शिकत आहेत, मग कोर्लईच्या मुलांनी का शिकू नये? दाखला खोटा नाही. तो अपुरा आहे. हवाईची कथा आरंभापासून वाचली, तर पडदा तेथे सर्वांत शेवटी आला असे दिसते. त्याआधी जे घडले, त्यावाचून तो निरुपयोगी ठरला असता.

बोली टिकली कशी?

प्रथम कोर्लईची बोली टिकली कशी, हे समजून घेणे आवश्यक आहे. चौल हे पश्चिम किनाऱ्यावरील अतिप्राचीन बंदर. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल् मसूदी याने ‘सैमूर’ या नावाने त्याचे वर्णन केले. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितिन येथेच उतरला. पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या आरंभी आले. १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने त्यांनी आजच्या रेवदंड्याच्या जागी कोट बांधण्यास घेतला आणि १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगरही जिंकला. १७४० मध्ये चौल मराठ्यांच्या स्वाधीन करून ते निघून गेले. मधल्या सुमारे दोन शतकांत पोर्तुगीज शिपाई, बाटलेली स्थानिक कुटुंबे आणि दूरदेशांहून आणलेले गुलाम यांच्या व्यवहारातून एक मिश्र बोली जन्मास आली. राज्यकर्ते गेले, बोलणारी कुटुंबे येथेच राहिली.

एके काळी अशा बोली वसई, मुंबई, दमण, दीव येथेही होत्या. उत्तर कोकणातील या भाषेवर गोमंतकीय पंडित सेबास्तियाँ रोदोल्फ दालगाद यांनी १९०६ मध्ये ग्रंथ लिहिला. तिची वसई-मुंबईकडील शाखा पुढे लुप्त झाली. कोचीनजवळच्या वायपीन बेटावर विल्यम रोझारिओ यांचे २०१० मध्ये निधन झाले आणि तेथील बोलीचा अखेरचा अस्खलित वक्ता गेला. कोर्लईची बोली मात्र पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ राजाश्रयावाचून जगली. या बोलीचा दीर्घकाळ अभ्यास करणारे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जे. क्लान्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिच्या घडणीचा तपशीलवार मागोवा घेतला आहे. तिच्या दीर्घायुष्याचे कारण या वस्तीच्या एकाकीपणात आहे. धर्माने ती हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांपासून वेगळी, जातीच्या भिंतींमुळे सोयरीक मर्यादित, आणि भूगोलाने एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी.

ही तटबंदी गेल्या दोन पिढ्यांत ढासळली, आणि त्यात खंत करण्यासारखे काही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) जगभर मिस्सा लोकभाषांत होऊ लागली. कोर्लईच्या चर्चमध्ये पूर्वी पोर्तुगीज कानावर पडे, तेथे मराठी आली. शाळा मराठी माध्यमाची. १९८६ मध्ये रेवदंडा आणि साळाव यांना जोडणारा पूल झाला आणि अलिबाग जवळ आले. साळावला कारखाना आला, किल्ला आणि दीपगृह पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले, तरुण मुंबईस जाऊ लागले. एकाकीपण म्हणजे दारिद्र्यही होते. ज्या भिंतींनी बोली राखली, त्यांनीच माणसांना कोंडून ठेवले होते. तेव्हा ‘पूल झाला नसता तर बोली वाचली असती’ असे म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कोणासही नाही. खरा प्रश्न असा की, भिंती पडल्यानंतर बोली कशाच्या आधाराने उभी राहावी?

हवाईचा संपूर्ण धडा

हाच प्रश्न हवाईपुढे शंभर वर्षांपूर्वी आला होता. एकोणिसाव्या शतकात हवाई हे स्वतंत्र राज्य होते आणि तेथील जनता साक्षर होती. १८३४ पासून पुढील शतकभरात हवाई भाषेत सुमारे शंभर वृत्तपत्रे निघाली. त्यांची सव्वा लाखाहून अधिक पाने आज उपलब्ध आहेत. १८९३ मध्ये राणीस पदच्युत करण्यात आले, १८९६ च्या कायद्याने इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्या राज्याला जोडली. पुढे आपल्या मुलांनी मागे पडू नये म्हणून आईबापांनीच घरात इंग्रजी आणली. १९८० च्या दशकाच्या आरंभी अठरा वर्षांखालील अस्खलित वक्ते पन्नासही नसावेत, असा अंदाज होता. भाषा घरोघरी चालू राहिली ती प्रामुख्याने निइहाऊ या खासगी मालकीच्या, बाहेरच्यांना बंद असलेल्या बेटावर. तेथेही एकाकीपणच तारक ठरले.

सव्वा लाख छापील पाने असूनही भाषा मुलांच्या तोंडून गेली, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. साठा आणि वापर यांत अंतर असते. ग्रंथालयात जपलेली भाषा आणि अंगणात बोलली जाणारी भाषा या दोन वेगळ्या संपत्ती आहेत. पहिलीवरून दुसरी आपोआप निर्माण होत नाही. नौकानयनाच्या विद्येबाबतही असेच घडले. १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ ही पारंपरिक घडणीची नौका यंत्रसामग्रीवाचून ताहितीपर्यंत गेली. पण ताऱ्यांवरून आणि लाटांवरून मार्ग ओळखणारा जाणकार हवाईत उरला नव्हता. मायक्रोनेशियातील सतावल या छोट्या बेटावरून माउ पियाइलुग यांना बोलवावे लागले. त्यांच्याकडून शिकूनच १९८० मध्ये नैनोआ थॉम्पसन या हवाई तरुणाने स्वतः तो प्रवास केला. विद्या माणसाकडून माणसाकडे गेली.

भाषेच्या बाबतीतही क्रम हाच होता. १९७८ मध्ये हवाई भाषेस राज्यघटनेत इंग्रजीच्या जोडीने राजभाषेचे स्थान मिळाले. न्यूझीलंडमधील माओरींनी १९८२ मध्ये ‘भाषेची घरटी’ म्हणून बालशाळा सुरू केल्या होत्या. त्या धर्तीवर हवाईत ‘पुनाना लिओ’ ही संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली आणि १९८४ मध्ये कौआई बेटावर केकाहा येथे पहिली बालवाडी उघडली. या बालवाड्यांत दिवसभर हवाईखेरीज दुसरी भाषा बोलली जात नसे, आणि पालकांनीही ती शिकावी, शाळेत राबावे, अशी अट असे. शाळांतील बंदी उठविण्यासाठी पालकांना विधिमंडळाचे उंबरठे झिजवावे लागले. ती १९८६ मध्ये उठली. १९८७ मध्ये सरकारी शाळांतून हवाई माध्यमाचे वर्ग सुरू झाले, आणि हवाई माध्यमातून शालेय शिक्षण पूर्ण करणारे पहिले विद्यार्थी १९९९ मध्ये बाहेर पडले. मोबाइलवर लोकप्रिय असलेल्या ड्युओलिंगोवर हवाई भाषेचा अभ्यासक्रम आला तो २०१८ मध्ये. कायदा, बालवाडी, शाळा, महाविद्यालय आणि मग पडदा, अशी ही चाळीस वर्षांची वाटचाल आहे. शेवटची पायरी पाहून पहिल्या पायऱ्या विसरणे हा मोहच म्हटला पाहिजे.

तथापि पडद्याचे हवाईत जे काम आहे, ते कमी लेखण्याचे कारण नाही. २०२० च्या अमेरिकी जनगणनेत मूळ हवाई वंशाचे लोक बेटांवर जितके आढळले, त्यापेक्षा अधिक अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आढळले. महागाईने आणि नोकरीच्या शोधाने त्यांना दूर नेले. लास व्हेगासमध्ये वाढणाऱ्या मुलाला हवाई मंत्रपाठ शिकविणारी आजी शेजारी नसते. त्याच्यासाठी दूरचा वर्ग हाच एकमेव वर्ग होय. म्हणजे पडदा उपयोगी पडतो तो मुख्यतः पांगलेल्यांना. जेथे बोलणारी माणसे एकाच गल्लीत राहतात, तेथे त्याची उपयुक्तता फार मर्यादित आहे.

दुर्मीळ काय आहे?

अर्थशास्त्राच्या भाषेत प्रश्न असा विचारावा लागेल: बोली पुढे नेण्याच्या या उत्पादनात कोणता घटक दुर्मीळ आहे? धडे तयार करणे दुर्मीळ नाही. ध्वनिमुद्रणाचा खर्च गेल्या वीस वर्षांत झपाट्याने उतरला आहे. एकदा तयार केलेला धडा एकाने ऐकला काय किंवा लाखांनी ऐकला काय, खर्च जवळपास तोच. परंतु याच नियमामुळे बाजारपेठ छोट्या बोलीकडे पाठ फिरविते. इंग्रजीच्या अभ्यासक्रमाचा स्थिर खर्च कोट्यवधी ग्राहकांत विभागला जातो. कोर्लईचा फार तर काहीशे मुलांत. हवाईच्या पाठीशी मोठे भांडवल तरी आहे. राजकन्या बर्निस पौआही बिशप यांच्या मृत्युपत्राने निर्माण झालेल्या आणि १८८७ मध्ये सुरू झालेल्या कामेहामेहा शाळांकडे आजही लाखो एकर जमीन आहे. कोर्लईच्या कुटुंबांमागे असे कोणतेही संस्थान नाही. तेव्हा येथे खर्च सार्वजनिक तिजोरीतूनच करावा लागेल आणि म्हणूनच तो कोठे करावा, याचा विचार अधिक काटेकोरपणे व्हावयास हवा.

दुर्मीळ घटक आहे तो वेळ. बोली जाणणारे वडीलधारे आणि पाच-सहा वर्षांचे मूल यांनी एकत्र घालविलेला वेळ. आई कामावर, वडील मुंबईत, मूल शाळेत, नंतर शिकवणीत आणि उरलेला वेळ मोबाइलवर, अशी दिवसाची वाटणी झाली की आजीच्या वाट्यास जेवणाची वेळ तेवढी उरते. अशा घरात बोलीचा अभ्यासक्रमही मोबाइलवरच आला, तर तो कोणाचा वेळ खाईल? आजी समोर बसलेली असताना मुलाने तिचीच गोष्ट पडद्यावर ऐकावी, ही शिक्षणाची प्रगती नव्हे. शिवाय पडदा उत्तर देत नाही. मूल चुकले की हसून दुरुस्त करणे, रागावणे, लाडाने हाक मारणे, या व्यवहारांतून भाषा रुजते. त्यांवाचून उरते ती शब्दांची यादी.

आणखी एक धोका आहे. पडद्यावरील वारशाला प्रेक्षक लागतो आणि बाहेरचा प्रेक्षक गावातल्या मुलापेक्षा संख्येने नेहमीच मोठा असतो. हवाई भाषा मोबाइलवर शिकणाऱ्यांची संख्या ती घरात बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे. त्या शिकाऊंचा जिव्हाळा खरा असला, तरी त्यांच्या सोयीने धडा बेतला गेला की संस्कृतीचे प्रदर्शन होते. किल्ला पाहण्यास आलेल्या पर्यटकाने कॅमेरा रोखून ‘जरा तुमच्या भाषेत बोलून दाखवा’ म्हणावे आणि गावकऱ्याने बोलून दाखवावे, एवढ्यावर बोली जगत नाही.

मराठीची जबाबदारी

येथे मराठी वाचकास थोडे अवघडल्यासारखे वाटेल असा एक मुद्दा मांडणे प्राप्त आहे. इंग्रजीच्या आक्रमणाविषयी मराठी समाज योग्य चिंता व्यक्त करतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र शासनाने घेतला, याचा सर्वत्र आनंद झाला. परंतु कोर्लईत इंग्रजीच्या जागी मराठी उभी आहे. शाळेची भाषा मराठी, कचेरीची भाषा मराठी, चर्चची भाषा मराठी, बाजाराची भाषा मराठी. मराठीने कोणावर बळजबरी केली असे नव्हे. पण कोणत्याही भाषेचे वर्चस्व बहुधा बळजबरीवाचूनच प्रस्थापित होते. आईबापांच्या हिशेबातून ते घडते. मराठी पालक मुलास इंग्रजी शाळेत घालताना जो हिशेब करतात, तोच कोर्लईचे पालक मराठीबाबत करतात. पहिल्या हिशेबाने व्यथित होणाऱ्याने दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणे न्यायाचे नाही.

आणि ही बोली परकी म्हणून झटकून टाकण्यासारखीही नाही. पगार, चावी, लिलाव, तुरुंग, पाव, घमेले, बिजागरी हे शब्द मराठीने त्याच पोर्तुगीजांकडून घेतले आणि आपलेसे केले. चौलच्या परिसरात मराठीने पोर्तुगीज शब्द पचविले आणि कोर्लईत पोर्तुगीज शब्दांनी मराठी वाक्यरचना स्वीकारली. एकाच घडामोडीच्या या दोन बाजू आहेत. दुसरी बाजू पुसली गेली, तर मराठीच्या इतिहासाचाच एक पुरावा नाहीसा होईल.

राज्यघटनेने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. अनुच्छेद २९ प्रमाणे वेगळी भाषा वा संस्कृती असणाऱ्या नागरिकांच्या कोणत्याही गटास ती जतन करण्याचा हक्क आहे. अनुच्छेद ३५० अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याची जबाबदारी राज्यांवर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. अडचण अशी की, शासनाच्या हिशेबात ही बोली दिसतच नाही. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे जनगणनेच्या तक्त्यांत स्वतंत्रपणे दिली जात नाहीत. २०११ च्या जनगणनेत नावानिशी नोंदलेल्या भाषा १२१. बाकी साऱ्या ‘इतर’ या एका शब्दात. अशा छोट्या भाषांसाठी केंद्राने २०१३ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेमार्फत एक योजना सुरू केली. तिचा भर व्याकरण आणि शब्दकोश तयार करून भाषेची नोंद करण्यावर आहे. काम मोलाचे आहे, पण कोश मुलाशी बोलत नाही.

पहिली पायरी

मग करावे काय? पूर्ण प्राथमिक शाळा या बोलीत चालविणे व्यवहार्य नाही आणि तशी मागणी करणे मुलांच्या हिताचेही होणार नाही. मराठी आणि इंग्रजी त्यांना आलीच पाहिजे. पण दोन भाषा सहज बोलणारी मुले कोर्लईत पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहेत. एका भाषेचा मोबदला म्हणून दुसरी सोडावी लागते, हा समज निराधार आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या अंगणवाडीत रोज तास-दोन तास केवळ ‘नौ लिंग’मध्ये गाणी, गोष्टी आणि खेळ व्हावेत. ते घेण्यासाठी गावातीलच वृद्ध स्त्रियांना नियमित मानधन द्यावे. दहावी-बारावीचे प्रमाणपत्र ही त्यांच्या नेमणुकीची अट असू नये. प्राथमिक शाळेत नेमल्या जाणाऱ्या शिक्षकांना या बोलीची तोंडओळख करून द्यावी. निदान वर्गात ती बोलणाऱ्या मुलास ‘शुद्ध बोल’ म्हणून गप्प बसविले जाऊ नये.

यानंतर पडद्याची पाळी येते, आणि तेथे त्याचे खरे काम आहे. मुंबईत स्थायिक झालेल्या कोर्लईकर कुटुंबांच्या मुलांना गावातील वर्गाशी जोडून देता येईल. सुट्टीत ती गावी आली की तीच गाणी, तेच खेळ त्यांना ओळखीचे वाटतील. बोलीस लिखित वाङ्मयाची मोठी परंपरा नसल्याने धडे प्रामुख्याने कानाने शिकण्याचे असावेत. लिहिण्यासाठी देवनागरी सोयीची, कारण मुले ती शाळेत शिकतातच. ध्वनिमुद्रणांची मालकी आणि ती कोणास दाखवावयाची याचा निर्णय ग्रामस्थांकडे राहावा. राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थेने यासाठी आपला थोडा निधी आणि थोडे मनुष्यबळ दिले, तर मराठीचे काही उणे होणार नाही.

अंतिम निर्णय अर्थातच कोर्लईच्या आईबापांचा आहे. त्यांनी ही बोली पुढे न नेण्याचे ठरविले, तर कोणत्याही शासनाने वा पंडिताने ती त्यांच्यावर लादता कामा नये. माणसांनी संग्रहालयातील वस्तू होऊन राहावे अशी अपेक्षा करण्याचा हक्क कोणासही नाही. परंतु आज त्यांच्यापुढे खरा पर्यायच ठेवलेला नाही. मुलाचे शिक्षण की घरची बोली, अशी खोटी निवड त्यांना करावी लागते. ही निवड खोटी आहे हे दाखवून देणारी एक अंगणवाडी, एवढीच आजची गरज आहे. तिला लागणारा खर्च एखाद्या सुबक संकेतस्थळापेक्षा फारसा अधिक नसेल. मात्र संकेतस्थळाचे उद्घाटन एका दिवसात उरकते आणि अंगणवाडी रोज सकाळी उघडावी लागते. हवाईच्या पालकांनी १९८४ पासून ती रोज उघडली, म्हणून २०१८ मध्ये पडद्यावर दाखविण्यासारखे काही त्यांच्याजवळ उरले होते.